रगच्या शोधात शहापूर-मुरबाड

शनिवारी सकाळी कसारा लोकलमध्ये बसा आणि लोकांच्या हातात काय आहे ते बघा. माहुलीला निघालेल्या ट्रेकर्सच्या सॅक तर असतातच. पण हल्ली त्यांच्या जोडीला गुंडाळलेले पडदे, भिंतीवरचं घड्याळ, मिक्सरचा खोका, पंख्याची पाती असंही सामान दिसतं. वासिंद, आसनगाव, आटगावला उतरणारी ही मंडळी घर लावायला निघालेली असतात. ठाण्या-डोंबिवलीच्या भावात जे जमलं नाही ते इथं जमतं. वन रूम किचनमधून थेट टू बीएचके! आणि टू बीएचके म्हटलं की घरातल्या टीनएजरला आयुष्यात पहिल्यांदाच एक चीज मिळते. स्वतःची खोली.

माझ्या मावसबहिणीकडे नेमकं हेच झालं. डोंबिवलीत चौघंजण एका खोलीत राहायचे, भाचीचा अभ्यास ओट्याशेजारी चालायचा. आसनगावला शिफ्ट झाल्यावर नववीतल्या या मॅडमना दहा बाय दहाची खोली मिळाली आणि पहिली मागणी आली ती रगची. पांढराशुभ्र, लांब केसांचा, मांजरासारखा मऊ. फोटो फोनवर सेव्ह. आईचं म्हणणं वेगळंच. वीस वर्षं हप्ते भरायचेत, तेव्हा आधी नवी टाइल जपायची. टेबल सरकणार, खुर्चीची चाकं फिरणार, नेलपॉलिश सांडणार. म्हणून रग हवा, पण फरशी वाचवणारा. गुलगुलीत नको. वाद वाढला आणि एके रात्री भाची बोलून गेली, "तुला फरशीची काळजी आहे, माझी नाही."

आता या वाक्यावर कुठल्या आईनं काय बोलायचं? मुलीनं घर बदललं, मैत्रिणी तिकडेच राहिल्या. शाळा मात्र दहावीपर्यंत डोंबिवलीचीच ठेवलीय. म्हणजे पहाटे पाचला उठायचं, थंडगार टाइलवर पाय ठेवायचा आणि लोकल गाठायची. तिला हवा असलेला रग हा निव्वळ शो नव्हता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

मग मी मध्ये पडले. म्हटलं, शोरूममध्ये विचारलं तर ते जे विकतात तेच बेस्ट असतं. त्यापेक्षा ज्या भागात राहायला आलात तिथली माणसं पायाखाली काय अंथरतात ते आधी बघू. पौष महिना होता, मुरबाडकडे म्हस्याची जत्रा भरणार होती. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा असा रूट ठरला. भाची, तिची आई आणि मी. बाबांनी फक्त बजेट सांगितलं.

आधी फरशी ओळखा

आसनगाव स्टेशनहून शहापूर गाव रिक्षानं जेमतेम दहा मिनिटांवर. बाजारपेठेतून चालत निघालात तर अर्ध्या तासात जमिनीचे सगळे प्रकार दिसतात. जुन्या दुकानात कोबा, वाड्याच्या ओसरीवर शहाबादी, ओट्याला कडप्पा, नव्या बिल्डिंगमध्ये चकाचक व्हिट्रिफाइड. गावाबाहेर पडलात की शेणानं सारवलेली जमीन. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि रगचं गणित या स्वभावावर ठरतं.

शहाबादी हा चुनखडीचा दगड. कर्नाटकातल्या शहाबादवरून त्याचं नाव पडलं. त्यावर लिंबू सरबत किंवा कोला सांडून राहिला तर जो पांढुरका ठसा उमटतो तो डाग नसतो. आम्लानं दगडच थोडासा खाल्लेला असतो, त्यामुळे कितीही घासा, तो जात नाही. अशा फरशीवर टीनएजर राहत असेल तर अंथरलेलं काहीतरी हवंच.

व्हिट्रिफाइड टाइल त्या मानानं टफ. ती पाणी जवळपास पीत नाही, नेलपॉलिशही रिमूव्हरनं निघतं. मग तिची चमक जाते कशानं? तर रेतीनं. चपलांबरोबर वाळूचे कण आत येतात, ते खुर्चीच्या चाकाखाली किंवा टेबलाच्या पायाखाली अडकतात आणि सॅण्डपेपरसारखं काम करतात. हायवेलगतच्या, आजूबाजूला बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये ही रेती भरपूर. आता गंमत बघा. चुकीचा रग ही रेती अडवत नाही, साठवतो. ज्यूटच्या विरळ विणीतून कण खाली उतरतात आणि तिथंच बसतात. वरून खोली एकदम स्वच्छ, खाली टाइलची पॉलिश चालू!

वूडन लूकसाठी कुणी व्हिनाइल टाकलं असेल तर आणखी एक सूचना. रबराच्या पाठीचा रग त्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट डाग पडतो, तो कायमचा.

चटई हीच खोली

शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की बिल्डिंगा मागे पडतात. भाताची कापलेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या, मधूनच वीटभट्टी. ओळखीतून एका ठाकूर कुटुंबाकडे जेवायला थांबलो. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप आणि आत सारवलेली जमीन. आम्ही गेलो तेव्हा आजी बांबूच्या पट्ट्या काढत बसल्या होत्या. टोपल्या, सुपं, पावसाळ्यासाठी इरली, सगळं या हातांनी होतं.

भाचीचं लक्ष कोपऱ्यातल्या गुंडाळून उभ्या केलेल्या चटईकडे. घरात अकरावीतला एक मुलगा होता. तिनं त्याला सरळच विचारलं, "तुझी खोली कुठली?" त्यानं चटईकडे बोट दाखवलं. "जिथं टाकेन ती." परीक्षा असली की मागच्या पडवीत, उन्हाळ्यात अंगणात, पावसात चुलीच्या बाजूला. पुस्तकांची पिशवी बरोबर फिरते. तो हे अजिबात बिचारेपणानं सांगत नव्हता. उलट पडवीतला कोपरा धाकट्या भावानं पकडला की कशी भांडणं होतात याचे किस्से त्यानं ऐकवले. त्यावर भाचीला हसू आलं. डोंबिवलीच्या ओट्याशेजारची जागा तिलाही अशीच भांडून मिळवावी लागायची.

मी आजींना विचारलं, चटई रोज का उचलायची? ठेवली पसरून तर काय होतं?

"उचलली नाय तर खालून वलावते. मग वाळवी लागते, बाय. जमीन पण खराब, चटई पण खराब."

इंटिरिअरवाल्यांच्या भाषेत याला म्हणतात फ्लोअरला ब्रीद करू देणं! सारवलेली जमीन दमट असते, तिला हवा लागते. म्हणून अंथरूण सकाळी उचलायचं, खाली झाडू मारायचा, संध्याकाळी पुन्हा पसरायचं. टाइलला वाळवी लागत नाही हे खरं. पण दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात जुलैमध्ये तळमजल्याच्या टाइललाही घाम फुटतो. बाहेरची दमट हवा गार फरशीला टेकली की तिचं पाणी होतं. त्यावर रबराच्या पाठीचा जाड रग पसरून ठेवलात तर ते पाणी अडकून बसतं. पंधरा दिवसांत कुबट वास, महिन्याभरात काळे ठिपके. रबर किंवा लॅटेक्सची ही पाठ काही वर्षांत भुगा होऊन टाइलला चिकटते ते वेगळंच. थोडक्यात काय, तर फंडा सिम्पल आहे. एका माणसाला एका हातानं उचलता येईल तेवढंच अंथरायचं.

धुणार कोण? आणि कशानं?

पांढऱ्या रगचा खरा निकाल लागला तो मात्र पाण्यावर.

शहापूर तालुका म्हणजे मुंबईचा माठ. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा याच तालुक्यातलं, आणि मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जातं. आपण अंधेरीत शॉवरखाली उभे असतो तेव्हा अंगावर शहापूर पडत असतं म्हणा ना! पण याच तालुक्यातल्या कित्येक गाव-पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. माठ ज्याच्या घरात, त्याच्याच घशाला कोरड. नव्या बिल्डिंगाही यातून सुटलेल्या नाहीत. भाचीच्या बिल्डिंगमध्ये पहिल्याच मे महिन्यात टँकर आला आणि दोन मजले बादल्या चढवण्याची ड्यूटी तिच्याकडे आली.

लांब केसांचा शॅगी रग एकदा भिजला की दोघांना उचलत नाही. केस लांब, म्हणजे त्यात धूळ खोल. ती काढायला पाणी भरपूर लागतं आणि साबण निघायला त्याहून जास्त. वाळायला दोन-तीन कडक उन्हं हवीत. वाटेत एका फर्निशिंगच्या दुकानात तिच्या फोटोतला रग हुबेहूब होता. तिनं हात फिरवला, गाल लावला, सगळं झालं. मग तिनंच विचारलं, "काका, हा धुवायचा कसा?" काका म्हणाले, ड्रायक्लीनला टाकायचा. "आणि घरी?" काका हसले. "घरी कोण धुतं?" ती काही बोलली नाही. पण रग तिनं स्वतःच घडी करून परत ठेवला. तिची आई बोलायला जात होती, तिला मी कोपरानं थांबवलं.

म्हस्याची घोंगडी

मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याणहून तीसेक किलोमीटर, एसटी किंवा शेअर गाडी. पुढे हाच रस्ता माळशेज घाट चढून नगरकडे जातो. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, रस्त्याला मात्र सगळे अजून नगर रोडच म्हणतात. मुरबाडहून कर्जतच्या दिशेनं वळलात की म्हसा. पौष पौर्णिमेला, म्हणजे साधारण जानेवारीत, इथं खांबलिंगेश्वराची जत्रा भरते आणि पुढे काही दिवस चालते. बैलबाजार, शेतीची अवजारं, पाळणे, मिठाई आणि घोंगड्या-ब्लँकेटांचा बाजार. थंडीचं अंथरूण-पांघरूण म्हस्यातून आणायचं ही आसपासच्या गावांची जुनी सवय.

घोंगडी इथं का, याचं उत्तर समोरच्या डोंगरात आहे. नाणेघाट हा कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग, तिथल्या गुहेत सातवाहनांचा शिलालेख आहे. घाटावरचा माल खाली उतरायची वाट ही अशी जुनी. पारनेरकडचे धनगर आजही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणपट्टीत येतात. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर धनगरांची, विणकाम सणगरांचं. विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे घोंगडीला तो ओळखीचा ताठपणा येतो. रंग मेंढीचाच असतो, काळा, तपकिरी, पांढरट.

हे सगळं ठीक, पण घोंगडीचा रग होतो का? होतो. आणि आपल्या केसमध्ये तर तिचे प्लस पॉइंट भारी निघाले. एक, तिला पाणी लागत नाही. लोकर मुळात मळ पटकन धरत नाही. काठीनं झटकायची, उन्हात टाकायची, झालं काम. जिथं बादली मोजून मिळते तिथं यापेक्षा प्रॅक्टिकल काय असणार? दोन, लोकर सहजासहजी पेट घेत नाही. पोरं चार्जर जमिनीवर टाकून झोपतात, हेअर स्ट्रेटनर तसाच खाली ठेवतात. सिंथेटिक रग तिथं वितळतो. तीन, पहाटे पाचला पाय खाली टाकला की ऊब.

मायनस पॉइंटही सांगायलाच हवेत. घोंगडी टोचते. भाचीच्या भाषेत 'फ्री फूट मसाज'. पावसाळ्यात तिला कसर लागते, म्हणून जूनच्या आधी कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळून ठेवावी लागते. लोकरीची किंवा धुळीची अॅलर्जी असेल तर नकोच. आणि चाकाच्या खुर्चीखाली ती गोळा होते.

बाजारात घोंगडीशेजारीच मशीनची ब्लँकेटं असतात आणि दोन्ही 'प्युअर लोकर' म्हणून विकली जातात. ओळखायची कशी? कडेचा एक धागा ओढून घ्या आणि काडी लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि मागे उरलेली राख बोटांत चुरगळते. सिंथेटिक असेल तर धागा वितळून कडक मणी होतो. आम्ही एका आजोबांकडे हे करायची परवानगी मागितली. त्यांनी स्वतःच धागा काढून दिला आणि वर काडेपेटीही दिली. ज्याला आपल्या मालाची खात्री असते तो काडीला घाबरत नाही!

मग घेतलं काय?

काळीभोर, पांढऱ्या काठाची एक घोंगडी. ती दुहेरी घडी करून पलंगाशेजारी. टेबल-खुर्चीखाली चार बाय सहाची सुती सतरंजी, ती उल्हासनगरहून. बाजारातल्या बऱ्याचशा सुती दऱ्या पानिपतहून येतात, विणकाम घट्ट असतं. सतरंजी दोन्ही बाजूंनी वापरता येते, चाकं तिच्यावर अडकत नाहीत, एका टबात भिजते आणि दोघींनी पिळली की गॅलरीत एका दिवसात वाळते. दोन्हींच्या खाली जाळीचं अँटी-स्लिप शीट टाकलं. ते वेगळं असल्यानं उचलता येतं, पुसता येतं. फरशीला हवाही मिळते आणि धावत येणारी मुलगी घसरतही नाही.

आणि हो, रंग. सतरंजी आईनं मळखाऊ चॉकलेटी काढली होती. भाचीनं निळी-पिवळी पट्ट्यांची उचलली. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातल्या पंख्याकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "तुझी खोली आहे, तू झाडणार असशील तर घे." डील झालं. दर रविवारी दोन्ही उचलायचं, खालची रेती झाडायची, पालथं घालून परत अंथरायचं. हे काम भाचीचं, आणि त्या बदल्यात खोलीत काय अंथरायचं याचा निर्णयही तिचा. आजींच्या चटईचा नियम जसाच्या तसा टू बीएचकेमध्ये आला, फक्त रोजचा होता तो आठवड्याचा झाला.

परवा फोन केला तर भाची खूश होती. डोंबिवलीच्या तीन मैत्रिणी पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. पलंगावर कुणीच झोपलं नाही म्हणे, चौघी खालीच. सतरंजीवर नेलपॉलिश सांडलंय, ते तिनं आईला अजून सांगितलेलं नाही. फरशीवर मात्र थेंबही नाही!

जाता जाता चेकलिस्ट

• आधी दार मोजा. दाराखालची फट जेमतेम बोटभर असते. सतरंजी सहज जाते, जाड शॅगीला दार अडकतं.

• दहा बाय दहाच्या खोलीत चार बाय सहा पुरे. अख्खी जमीन झाकू नका, उचलणं होत नाही.

• चाकाची खुर्ची असेल तर सपाट विणीचंच घ्या.

• ज्यूट दिसतं झकास, पण ओलं झालं की पिवळं पडतं आणि बुरशी धरतं. शहापूर-मुरबाडच्या पावसात नकोच.

• पॉलिप्रॉपिलीनचे रग पाणी पीत नाहीत, ओल्या फडक्यानं पुसता येतात. बजेट कमी असेल तर चांगला पर्याय. इस्त्री, स्ट्रेटनर मात्र लांब.

• लॅमिनेटवर ओला रग कधीही ठेवू नका, सांध्यांतून पाणी शिरून फळ्या फुगतात.

• जुन्या साड्यांची गोधडी घरात असेल तर पलंगाशेजारी तीच टाका. मऊ, धुता येणारी आणि फुकट!

• कसं जाल : शहापूरसाठी कसारा किंवा आसनगाव लोकल, आसनगावला उतरून रिक्षा. मुरबाड-म्हशासाठी कल्याणहून एसटी. शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्ता करायचा तर स्वतःची गाडी बरी. जत्रेत सुटे पैसे जवळ ठेवा, आणि गाडीच्या डिकीत थोडी जागाही.